हुकलेल्या लिलावाची दुसरी संधी घ्यावी का?

वाचकाचे पत्र

माझी मुलगी मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकते. आता तिने चांगले वाद्य घ्यावे, असे तिच्या शिक्षकांनी सुचवले असून त्यासाठी मी अडीच लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. परदेशातील एका ऑनलाइन लिलावात ‘जुने इटालियन व्हायोलिन, अंदाजे 1890’ असे वाद्य दिसले. 7,500 डॉलर ही किंमत खोडलेली होती, आणि त्याच विक्रेत्याची तशीच दोन वाद्ये सहा-सात हजार डॉलरला विकली गेल्याचे खाली दिसत होते. मी 3,000 डॉलरची कमाल बोली नोंदवली. शेवटच्या तासात कोणीतरी थोडी थोडी बोली वाढवत 3,050 पर्यंत नेली आणि वाद्य हुकले. दोन दिवसांनी विक्रेत्याचा निरोप आला, की जिंकलेल्या ग्राहकाने पैसे भरले नाहीत, तुम्हाला ते 3,000 ला देतो; थेट बँकेत पैसे पाठवल्यास 2,700 ला देईन, पण चार दिवसांत कळवा. मुलीचे म्हणणे असे, की हेच वाद्य तिने काही महिन्यांपूर्वी ‘विकले गेले’ या यादीत पाहिले होते. संधी सोडावी का? शिवाय आमच्या घरी आजोबांचे एक व्हायोलिन आहे. आजोबा ते गोव्यात शिकले. त्याच्या आत स्ट्रॅडिव्हेरियस या जगप्रसिद्ध इटालियन व्हायोलिन-कारागिराचे नाव आणि 1713 हे साल असलेली चिठ्ठी आहे. तशी वाद्ये ऑनलाइन लिलावात आठ-दहा हजार डॉलरला लावलेली दिसतात. ते विकून पैसे उभे करावेत का?

— एक वाचक, सावंतवाडी

सप्रेम नमस्कार.

आपल्या हाती चारच दिवस आहेत, म्हणून उत्तर आधी सांगतो: हे पैसे भरू नका. थेट बँकेत 2,700 डॉलर तर पाठवूच नका, पण लिलावाच्या चौकटीत राहून 3,000 डॉलरलाही हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेता लबाडच आहे असे मी इतक्या अंतरावरून सिद्ध करू शकत नाही. जिंकलेला ग्राहक खरोखरच पैसे बुडवून जातो असेही घडते, आणि अशा वेळी पुढच्या बोलीदाराला वाद्य देऊ करण्याची सोय बहुतेक मोठ्या लिलावस्थळांनी मुद्दामच ठेवलेली असते. परंतु आपण लिहिलेल्या गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी वाटल्या तरी एकत्र ठेवल्यावर त्यांचा जो अर्थ निघतो, तो मी आपल्या जागी असतो तर मला पाकीट उघडू देणार नाही.

आधी बोलीचा प्रकार पाहू. अशा लिलावात आपण नोंदवलेली कमाल रक्कम इतरांना दिसत नाही. समोरच्याने बोली वाढवली की यंत्रणा आपल्या वतीने तेवढ्यापुरती, एका पायरीने वर सरकते आणि आपली मर्यादा संपली की थांबते. प्रामाणिक बोलीदार असल्या लिलावात सहसा आपली स्वतःची कमाल रक्कम एकदाच लावतो, किंवा अगदी शेवटच्या क्षणी लावतो. उलट ज्याला वाद्य घ्यायचे नसून केवळ दुसऱ्याची मर्यादा जाणून घ्यायची आहे, तो पायरी-पायरीने बोली वाढवत राहतो आणि समोरून उत्तर येणे थांबले की थांबतो. आपल्या बाबतीत तो 3,050 वर, म्हणजे आपल्या मर्यादेच्या बरोबर एक पायरी वर जाऊन थांबला. विक्रेत्याच्या हस्तकाकडून अनेकदा असेच घडते, कारण मर्यादा कुठे आहे हे ती ओलांडल्याशिवाय कळत नाही. ओलांडली गेली की दोन वाटा उरतात: चूक झाली असे सांगून ती बोली मागे घ्यायची, किंवा ‘ग्राहकाने पैसे भरले नाहीत’ असे सांगून हरलेल्या माणसाकडे परत यायचे. दुसऱ्या वाटेने आल्यावर देऊ केलेली रक्कम कोणती असते? हरलेल्या माणसाची स्वतःची कमाल बोली. म्हणजे आपण गुप्त समजून ठेवलेला आकडा आता विक्रेत्याच्या हाती आहे आणि तोच त्याने आपल्यासमोर सवलत म्हणून ठेवला आहे.

म्हणून एक गोष्ट आजच करा. त्या लिलावाचा बोलींचा इतिहास उघडा आणि तो संशयास्पद बोलीदार बाजूला काढल्यास वाद्य कोणत्या रकमेवर थांबले असते ते पाहा. आपल्याखालची शेवटची खरी बोली 1,400 डॉलरची असेल, तर प्रामाणिक लिलावात ते वाद्य आपल्याला त्याच्या एक पायरी वर मिळाले असते, आणि 3,000 ही रक्कम बाजाराने नव्हे तर त्या एका माणसाने ठरवली आहे. बोलीदारांची नावे झाकलेली असली तरी काही ठिकाणी त्याने गेल्या महिन्यात किती बोली लावल्या, त्यांतल्या किती याच विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या आणि किती मागे घेतल्या, एवढे दाखवलेले असते. ज्याच्या जवळजवळ सगळ्या बोली एकाच विक्रेत्याच्या मालावर पडतात आणि जो जिंकतो क्वचितच, त्याला ग्राहक म्हणणे अवघड आहे. हे सारे स्क्रीनशॉट घेऊन तारखेसह जपून ठेवा, कारण लिलाव संपल्यावर काही काळाने अशी पाने निघून जातात.

आता त्या ‘विकले गेले’ यादीविषयी, कारण माझ्या मते आपली खरी दिशाभूल तिथे झाली आहे. आपण 3,000 ही रक्कम स्वस्त समजलात, ती कशाच्या तुलनेत? खोडलेल्या 7,500 च्या आणि सहा-सात हजारांच्या दोन नोंदींच्या तुलनेत. हे तिन्ही आकडे त्याच विक्रेत्याच्या पानावरून आले आहेत. खोडलेली किंमत म्हणजे त्याने स्वतः लिहून स्वतःच खोडलेला आकडा. त्या किमतीला ते वाद्य कधी कोणी घेतले होते याचा त्यात काहीही पुरावा नाही. विक्रीची नोंद त्याहून विश्वासार्ह वाटते, पण तीही फक्त एवढेच सांगते, की अमुक दिवशी कोणीतरी ‘घेतो’ असे म्हणणारे बटण दाबले. त्यानंतर पैसे भरले गेले का, भरलेले परत दिले का, वाद्य घरातून हलले तरी का, हे त्या नोंदीत नसते. मित्राच्या खात्यावरून खरेदी करायची, थोड्या दिवसांनी व्यवहार रद्द करायचा आणि फुगवलेली किंमत मात्र यादीत राहू द्यायची, हा त्यामुळे फार कमी खर्चाचा खेळ ठरतो. शिवाय जिथे ग्राहकाला घासाघीस करण्याची मुभा असते, तिथे सहा हजारांना लावलेले वाद्य अडीच हजारांवर मान्य झाले तरी कित्येकदा पानावर मूळ सहा हजार खोडून दाखवले जातात आणि ठरलेली रक्कम दिसतच नाही. या शेवटच्या प्रकारात कोणी खोटे बोललेलेही नसते, तरी पाहणाऱ्याच्या मनात सहा हजार हाच भाव बसतो.

आपल्या मुलीने जे ओळखले त्याचे मला कौतुक वाटते आणि ते पडताळून पाहणे शक्य आहे. व्हायोलिनच्या पाठीला बहुधा मेपलचे लाकूड असते आणि त्यातले आडवे लाटांसारखे पट्टे दोन वाद्यांत तंतोतंत सारखे येत नाहीत. पुढच्या स्प्रूसच्या फळीतल्या उभ्या रेषा, एफ आकाराच्या छिद्रांजवळचे ओरखडे, हनुवटीपाशी झिजलेले वार्निश, या खुणाही प्रत्येक वाद्याच्या स्वतःच्या असतात. जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून या खुणा जुळवा. जुळल्या, तर ‘विकले गेले’ म्हणून नोंदलेले वाद्य विक्रेत्याच्याच घरी होते एवढे सिद्ध होते. ग्राहकाने परत पाठवले असू शकते, हे मान्य. मग परत का पाठवले, हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. त्याचे उत्तर टाळले गेले तर त्या टाळण्यातूनही आपल्याला हवे ते कळेल.

हा प्रकार वाद्यांच्या बाजारात इतका का चालतो, याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. सोन्याला दर असतो, गाडीला वर्ष आणि मॉडेल असते. शंभर वर्षांपूर्वीच्या व्हायोलिनला यांपैकी काही नसते. ते कोणी केले, कुठे केले, किती दुरुस्त्या झाल्या आणि आज ते कसे वाजते, यावर त्याची किंमत ठरते, आणि या चारही गोष्टी पडद्यावरून कळत नाहीत. म्हणून दूरचा ग्राहक त्याला एकमेव कळू शकणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे इतरांनी काय दिले याच्याकडे पाहतो, आणि लबाड विक्रेता नेमकी तीच गोष्ट बनवून ठेवतो. ऑनलाइन लिलाव नवे होते तेव्हाच हे जगासमोर आले होते. 2000 साली ईबेवर गॅरेजमधले जुने चित्र म्हणून लावलेल्या एका चित्राची बोली, ते अमेरिकी चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न यांचे असावे या समजुतीने, एक लाख पस्तीस हजार डॉलरच्या वर गेली. विक्रेत्याने त्यावर दुसऱ्या नावाने स्वतःच बोली लावल्याचे उघड झाल्यावर ती विक्री रद्द झाली, आणि पुढे त्याच्यावर व त्याच्या साथीदारांवर अमेरिकेत खटला झाला. तिथे चित्राच्या कोपऱ्यातल्या दोन आद्याक्षरांनी आणि वर चढणाऱ्या आकड्यांनी मिळून लोकांना खात्री पटवली होती. आपल्या लिलावात ‘इटालियन’ हा शब्द आणि खोडलेले 7,500 यांनी तेच काम केले.

‘इटालियन, अंदाजे 1890’ या वर्णनाला माझ्या दृष्टीने फारसे वजन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी जगभर गेलेली बहुसंख्य स्वस्त व्हायोलिने जर्मनीतील मार्कनॉयकिर्खन आणि मिटेनवाल्ड, मार्कनॉयकिर्खनला लागून बोहेमियातील श्योनबाख आणि फ्रान्समधील मिरकूर या गावांतून आली. मार्कनॉयकिर्खनच्या परिसरात एका घरी माना आणि त्यांच्या टोकाच्या गुंडाळ्या कोरल्या जात, दुसऱ्या घरी वाद्यांची खोकी तयार होत, तिसरीकडे वार्निश लागे, आणि व्यापारी ते सर्व जुळवून डझनांनी निर्यात करत. ही वाद्ये वाईट नव्हेत. त्यांतली कित्येक विद्यार्थ्यांना उत्तम साथ देतात. पण त्यांची किंमत आणि त्याच काळातल्या नाव माहीत असलेल्या इटालियन कारागिराच्या वाद्याची किंमत यांत कित्येक पटींचे अंतर असते, म्हणून पहिल्याला दुसऱ्याचे नाव देण्याचा मोह मोठा असतो. नाव न घेता नुसते ‘इटालियन घराण्यातले’ किंवा ‘इटालियन धाटणीचे’ असे लिहिणारा विक्रेता प्रत्यक्षात काहीच कबूल करत नाही, हे लक्षात ठेवावे.

विक्रेते वाद्याबरोबर अस्सलपणाचे प्रमाणपत्र जोडतात, त्याचेही असेच आहे. ते कोणी दिले, हाच प्रश्न. व्हिएन्नाचे डीटमार माखोल्ड हे एके काळी जगातील अत्यंत नावाजलेल्या व्हायोलिन-व्यापाऱ्यांपैकी एक होते. त्यांनी सामान्य वाद्ये स्ट्रॅडिव्हेरियस म्हणून बँकेकडे तारण ठेवली आणि 2012 मध्ये व्हिएन्नाच्या न्यायालयाने त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. वाद्याची ओळख पटवणारा आणि त्या ओळखीवर पैसे उचलणारा माणूस एकच होता, आणि बँकेने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. बँकेसारखी संस्था जिथे फसली, तिथे विक्रेत्यानेच जोडलेल्या प्रमाणपत्रावर आपण विसंबू नये. लाकडाच्या वार्षिक वलयांवरून काळ काढण्याची तपासणी विश्वसनीय आहे, पण तीही इतकेच सांगते, की अमुक सालापूर्वी हे वाद्य बनलेले असू शकत नाही. कोणी बनवले ते सांगत नाही.

यावरून ऑनलाइन लिलाव म्हणजे फसवणूकच, असा अर्थ कृपया काढू नका. ‘लेडी ब्लंट’ नावाने ओळखले जाणारे 1721 चे स्ट्रॅडिव्हेरियस 2011 मध्ये टारिसिओ या संस्थेने ऑनलाइन लिलावातच सुमारे एक कोटी एकोणसाठ लाख डॉलरला विकले, आणि ती रक्कम जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांसाठी गेली. फक्त वाद्यांचेच लिलाव करणाऱ्या चांगल्या संस्था वाद्य प्रत्यक्ष पाहण्याची आणि वाजवण्याची सोय ठेवतात, दुरुस्त्या आणि भेगा यांचा अहवाल देतात, आपले शुल्क आधी सांगतात आणि कोणाचे वाद्य म्हणून विकतो आहोत याची जबाबदारी लेखी शब्दांत घेतात. आपल्या विक्रेत्याने यांतले काय दिले आहे? आपल्या पत्रावरून तरी काहीही नाही. फक्त मुदत दिली आहे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. भारताच्या 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 64 लिलावाविषयीच आहे. विक्रेत्याला बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचे आधी जाहीर केलेले नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा ठरते. आणि किंमत चढवण्यासाठी खोट्या बोलीचा वापर झाला असेल, तर ती विक्री रद्द करण्याचा अधिकार ग्राहकाला मिळतो. अमेरिकेचा व्यापारी कायदा याहून एक पाऊल पुढे जाऊन सांगतो, की अशा वेळी ग्राहकाला विक्री नाकारता येते किंवा शेवटच्या खऱ्या बोलीच्या किमतीला तीच वस्तू मागता येते. हा नियम मला फार न्याय्य वाटतो, कारण फसवणुकीमुळे वाढलेली रक्कम तेवढी त्यात वजा होते. भारताचे 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल देऊ करणाऱ्या परदेशी व्यासपीठांनाही लागू आहेत. खोटी घाई निर्माण करणे हा 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या फसव्या रचनांपैकी (डार्क पॅटर्न) एक प्रकार म्हणून नोंदवलेला आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्याला आपल्या राहत्या ठिकाणच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पण समुद्रापलीकडच्या एकट्या विक्रेत्याकडून पैसे परत आणणे ही वेगळी गोष्ट आहे. ती जवळजवळ अशक्य धरूनच चालावे. म्हणूनच थेट बँकेत पैसे मागितल्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. व्यासपीठाबाहेर पैसे गेले की व्यासपीठाचे ग्राहक-संरक्षण संपते, आणि 300 डॉलरची ती सवलत म्हणजे त्या संरक्षणाची आपण स्वीकारलेली किंमत होय. त्याचा तो निरोप जसाच्या तसा व्यासपीठाकडे कळवा. कोणी आधीच पैसे पाठवून बसले असेल, तर त्याने तासाभराचाही उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. ग्राहक तक्रारींसाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

समजा विक्रेता प्रामाणिक निघाला, तरीही हा व्यवहार आपल्या अडीच लाखांत बसत नाही. 3,000 डॉलरवर वाहतूक आणि विमा येणार, मग या एकत्रित रकमेवर सीमाशुल्क आणि जीएसटी लागणार, आणि वाद्य आल्यावर घोडी (तारांना खालून आधार देणारी लाकडी पट्टी), तारा व आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमधली उभी लाकडी काडी) नव्याने बसवण्याचा खर्च वेगळा. वाद्याच्या पाठीवर साउंडपोस्टपाशी भेग असेल, तर त्याची किंमत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते, आणि नेमकी तीच भेग छायाचित्रात चकाकीखाली सहज झाकली जाते. सोबत जुना गज असेल आणि त्याच्या टोकाला हस्तिदंत असेल, तर तो सीमाशुल्क विभागाकडे अडकू शकतो. एवढ्या अनिश्चिततेवर मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे लावू नयेत.

त्यापेक्षा मुलीला मुंबईत तिच्या शिक्षकांबरोबर वाद्य पाहायला पाठवा. तिने एकाच बैठकीत चार-पाच वाद्ये, किंमत न विचारता, स्वतःच्या गजाने वाजवावीत. शिक्षकांनी दूर बसून ऐकावे. जे आवडेल ते आठवडाभर घरी नेण्याची आणि न पटल्यास पूर्ण पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या एखाद्या व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ते दाखवावे आणि त्याचे शुल्क आनंदाने द्यावे. अडीच लाखांत नव्या, चांगल्या कार्यशाळेत बनलेल्या वाद्यांचाही विचार जरूर व्हावा. वाद्य जुने असले की गोडच असते, ही समजूत विक्रेत्यांच्या सोयीची आहे. परीक्षेच्या तयारीत असलेल्या विद्यार्थिनीला चारही तारांवर सारखे बोलणारे, निरोगी वाद्य हवे असते.

आता आजोबांचे व्हायोलिन. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले, आणि त्या परंपरेमुळे गोव्यात व आसपास आपल्या आजोबांसारख्यांची व्हायोलिने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आढळतात. त्यांतल्या पुष्कळ वाद्यांत स्ट्रॅडिव्हेरियसची चिठ्ठी असते. आंतोनियो स्ट्रॅडिव्हेरी (स्ट्रॅडिव्हेरियस हे त्यांच्याच नावाचे लॅटिन रूप) 1737 मध्ये वारले आणि त्यांची सुमारे साडेसहाशे वाद्ये आज ज्ञात आहेत. त्यांच्या नावाची चिठ्ठी मात्र मघाशी सांगितलेल्या गावांतून निघालेल्या असंख्य वाद्यांत डकवलेली होती. त्या काळी त्यामागे सहसा फसवणुकीचा हेतू नव्हता. वाद्य कोणत्या नमुन्यावर बेतले आहे ते चिठ्ठी सांगे, आणि अमेरिकेतल्या टपाली कॅटलॉगमधून ‘स्ट्रॅडिव्हेरियस मॉडेल’ काही डॉलरांत विकले जाई. फसवणूक होते ती आज, कारण तीच चिठ्ठी आता पुरावा म्हणून छायाचित्रात पुढे केली जाते. आठ-दहा हजारांना लावलेली जी वाद्ये आपण पाहिलीत, त्यांतली विकली किती गेली आणि नुसती लावून ठेवलेली किती, हे पाहा; मागणे आणि मिळणे यांत फार मोठे अंतर सापडेल.

एक छोटी विजेरी आणि दंतवैद्याकडे असतो तसा आरसा मिळाला, तर काही गोष्टी घरी पाहता येतील. चिठ्ठीवर कुठे इंग्रजीत ‘जर्मनी’ असा शब्द असेल, तर वाद्य बहुधा 1891 नंतरचे, कारण 1890 च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत छापणे सक्तीचे केले होते. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल, तर ते 1918 नंतरचे. शब्द नसला म्हणून मात्र ते जुने ठरत नाही. आतल्या कोपऱ्यांत लाकडी ठोकळे नसतील, किंवा घोडीखालची आतली पट्टी वेगळी चिकटवलेली नसून फळीतूनच कोरलेली असेल, तर ते स्वस्त डझनवारी काम समजावे. कडेची दुहेरी काळी रेघ लाकडात बसवलेली आहे की शाईने ओढलेली, तेही पाहावे. चिठ्ठी काढू नका, पुसू नका, आणि वार्निशला कसलेही पॉलिश लावू नका.

माझा सल्ला असा, की विकण्याचा विचार करण्याआधी हे वाद्य एखाद्या चांगल्या कारागिराकडे नेऊन खुंट्या, घोडी, साउंडपोस्ट आणि तारा नीट करून घ्याव्यात. तो खर्च नव्या वाद्याच्या मानाने लहान असतो, आणि मार्कनॉयकिर्खनच्या चांगल्या हातचे वाद्य निघाले तर आपल्या मुलीचा प्रश्न काही वर्षांपुरता तिथेच सुटू शकतो. तिला ते मानवले नाही आणि विकायचेच ठरले, तर भारतातच विका. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि परदेशी पाठवण्याआधी ती पुरावशेष नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

जाहिरातीत काय लिहावे, हे आपण विचारले नसले तरी सांगतो, कारण आपल्याला जे वाचायला मिळाले नाही ते दुसऱ्याला मिळावे. ‘विसाव्या शतकाच्या आरंभीचे, बहुधा जर्मन किंवा बोहेमियन कार्यशाळेतले व्हायोलिन, आत स्ट्रॅडिव्हेरियसच्या नमुन्याची छापील चिठ्ठी, अमुक ठिकाणी भेग दुरुस्त केलेली, तपासणारा कारागीर अमुक, येऊन वाजवून पाहावे’ असे लिहा, मात्र कारागिराने जेवढे सांगितले असेल तेवढेच. किंमत एकच लिहा आणि तिच्या वर खोडलेला दुसरा आकडा ठेवू नका. विक्री झाल्यावर कोणी भाव विचारला, तर हातात पडलेली रक्कम सांगा.